कोपऱ्यातला नंबर

पडेगावच्या कडुबा पेंटरला गेल्या पाच वर्षांत जेवढ्या शिव्या बसल्या, तेवढ्या रस्त्याच्या हापिसातल्या सगळ्या साहेबांना मिळून बसल्या नसतील. आणि ह्या गड्यानं केलं काय, तर एक बोर्ड रंगवला. रस्ता त्यानं खोदला नाही, अडवला नाही, लांबवला तर मुळीच नाही. पण आपल्याकडं ज्याचा हात सापडतो त्याचाच धरतात, आणि कडुबाचा हात सापडला होता.

कडुबा अठ्ठावन्नचा. अंगानं काटकुळा, कानावर पेन्सिल, नखांत कायम निळा रंग. तरुणपणी मुकुंदवाडीत एका उस्तादाच्या हाताखाली अक्षरं शिकला. उस्ताद दक्खनी बोलायचे, हातावर फूटपट्टी मारायचे आणि एक गोष्ट रोज सांगायचे: बोर्डाच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकायचं. "नाम डालने में शरम आती होगी तो वो काम हाथ में लेना नको." कडुबानं ते कानात नाही, हाडात घालून घेतलं. बोर्ड दवाखान्याचा असो, पिठाच्या गिरणीचा असो, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कडुबा आर्ट्स, पडेगाव' आणि खाली मोबाईल नंबर. पुढं फ्लेक्स आलं, दहा मिनिटांत छापून मिळायला लागलं आणि त्याच्या बरोबरीचे पेंटर कोणी रिक्षा धरली, कोणी वॉचमन झाले. कडुबा टिकला. शाळांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, बुद्धविहारांच्या कमानी आणि सरकारी कामांचे पत्र्याचे बोर्ड, एवढ्यावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं, लीलाबाईचं, बरं चाललं होतं. स्वभावानं तो इतका थंड की लीलाबाई म्हणायची, ह्या माणसाला राग बाजारातून आणून द्यावा लागल.

तर रस्त्याचं असं झालं. कन्नडच्या अलीकडं मोठ्या रस्त्यातून एक फाटा फुटतो आणि लिंबगव्हाणवरून पुढं जातो. अठरा किलोमीटरचा तो फाटा महामार्गात घेतला. दीड वर्षात सिमेंटचा गुळगुळीत रस्ता करून देतो म्हणाले. फाट्यावर लावायला आठ बाय सहाचा बोर्ड कडुबाकडं आला. निळी जमीन, पांढरी अक्षरं. कामाचं नाव, लांबी, सुरुवातीची तारीख, काम पूर्ण होण्याची तारीख, हापिसाचा फोन. कडुबानं दोन दिवस मान मोडून सुरेख रंगवला, आणि शेवटी सवयीनं उजव्या कोपऱ्यात आपलं नाव आणि नंबर टाकून मोकळा झाला. सरकारी बोर्डावर असं चालत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण हात ऐकतो का. बोर्ड उभा राहिल्यावर साहेबांनी त्याचा फोटो काढला, वाचला मात्र नाही. वाचायचा तो लोकांनी.

आता हापिसाचा नंबर बोर्डावर चांगला ठसठशीत होता. पण हापिसासमोरचाच रस्ता खोदताना त्या फोनची वायर तुटली, ती तुटलीच. राहिला कोण, तर कोपऱ्यातला कडुबा.

पहिला फोन कन्नडच्या सोमनाथचा. हा फाट्यावर जीप चालवतो, गावागावांतली माणसं भरून नेतो. "ओ साहेब, तुमच्या रस्त्यानं माझ्या गाडीचे पाटे तुटले. तिसऱ्यांदा. काय झोपा काढू ऱ्हायले का तिकडं?"

कडुबा म्हणाला, "भाऊ, म्या साहेब नाय. म्या पेंटर हाय."

"हां, आता पेंटर झाला. फोन आला की सगळेच पेंटर व्हत्यात." आणि मग सोमनाथनं जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

असे फोन वाढत गेले. कोणाची मोटरसायकल खडीवर घसरली, कोणाच्या उभ्या कपाशीवर धुळीचा थर बसला, कोणाची वरात वळणरस्त्यात अडकून मुहूर्त गेला. मी पेंटर आहे म्हटलं की माणूस दुप्पट पेटायचा. शेवटी कडुबानं तसं सांगायचंच सोडून दिलं. तो नुसता ऐकायचा. हं, हं म्हणायचा. गाव कोणतं, कुठल्या पुलाजवळ, एवढं विचारायचा आणि शंभर पानी वहीत लिहून ठेवायचा. हापिसात बोर्डाच्या कामानं गेला की वहीतली पानं उतरवून कारकुनाच्या टेबलावर ठेवायचा. कारकून त्यावर पेपरवेट ठेवायचा. एवढा कारभार चोख होता.

एकदा मात्र एक पोरगा रात्री वळण न दिसल्यानं खड्ड्यात गेला, दात पडले. त्याच्या बापाचा फोन आला. शिव्या नाहीत, नुसता रडत होता. कडुबा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या रंगाचे उरलेले डबे घेऊन गेला आणि तिथल्या रिकाम्या ड्रमांवर लाल-पांढरे पट्टे ओढून, मोठे बाण काढून आला. त्यानंतर त्या वळणावरून कोणाचा फोन आला नाही. ह्या गोष्टीचं त्याला इतकं समाधान झालं की आठवडाभर तो गुणगुणत हिंडला.

लीलाबाई वैतागायची. "आवो, तो नंबर खोडून टाका ना. जेवताना शिव्या, निजताना शिव्या."

"उस्तादाला काय सांगू मग?"

"उस्ताद जाऊन वीस वर्सं झाली."

"म्हनूनच," कडुबा म्हणायचा आणि भाकरी मोडायचा. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायला लागलं होतं. लोक आपल्या बायकोला सांगत नाहीत ते त्याला सांगत होते. आणि सांगून झालं की बहुतेकांचा आवाज जरा खाली यायचा.

पण बोर्डावरची तारीख पुढं पुढं जात राहिली. पहिली गेली, दुसरी गेली. दरवेळी हापिसातून निरोप यायचा, "कडुबा, तारीख बदलून जा." आणि हा शिडी लावून जुना आकडा निळ्यात बुडवायचा आणि नवा काढायचा. चौथ्या वेळेला ३१ मार्च लिहिलं तेव्हा त्या जागी रंगाचा एवढा जाड थर झाला होता की बोट लावलं तर फुगवटा लागायचा.

त्याच सुमारास, दिवाळीच्या तोंडावर, सरूबाईचा पहिला फोन आला. लिंबगव्हाणची, सत्तरीची, शेतकऱ्याच्या घरची बाई. नातीनं नंबर लावून दिला असणार. पहिलं वाक्यच असं, "साहेब, जेवन झालं का?"

पाच वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. कडुबा गडबडला. "झालं, मावशी. तुमचं?"

मग तिनं सांगितलं. रस्ता उंच घेतला, कडेनं पाण्याची नाली खोदली, आणि ती नाली नेमकी तिच्या दारासमोरून गेली. पुरुषभर खोल, आठ फूट रुंद. खोदली आणि सोडली. दोन वर्षं झाली. घरातनं रस्त्यावर यायचं तर एक फळी टाकलेली. वर्षापूर्वी त्या फळीवरून ती पडली, खुबा मोडला. आता काठी घेऊन घरात हिंडते, पण फळीवर पाय ठेवत नाही. त्या दिवसापासून उंबऱ्याच्या पलीकडं ती गेली नव्हती.

"माझी काय तक्रार नाय साहेब. येवढंच सांगा, कधी व्हईल?"

दर आठ-दहा दिवसांनी तिचा फोन यायचा. आधी जेवणाचं विचारायची, मग लीलाबाईच्या गुडघ्यांचं, मग हळूच, "कधी व्हईल?" आणि एकदा, थंडी होती, म्हातारीचा आवाज फार बारीक आला, आणि ह्या शहाण्याच्या तोंडून निघून गेलं, "आखाजीच्या आत व्हईल, मावशी. नक्की."

झालं. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. आपण कोण, काय, तारीख द्यायचा आपल्याला अधिकार काय, ह्यातलं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. ३१ मार्च त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तर त्याच्याही पुढं. स्वतःच्या हातचं अक्षर वाचून त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. अशी चूक पेंटरच करू जाणे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हापिसातून निरोप आला. तारीख बदलायची. ३१ डिसेंबर.

कडुबा फाट्यावर गेला. शिडी लावली, मार्च बुडवला, वाळू दिला. दुपारी डिसेंबरचं पहिलं अक्षर काढायला ब्रश टेकवला आणि खिशातला फोन वाजला.

"साहेब, पेढे खायला या. माझ्या नातीचं, तनुजाचं जमलं. आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी लगीन."

"बरं झालं, मावशी."

"पोराकडचे म्हनले कन्नडला हालमधी करू. नवरदेव काय फळीवरून यायचा नाय म्हनले. म्या म्हनलं, फळी कशाला, साहेबानं जबान दिलीय, आखाजीच्या आत दार मोकळं व्हतंय. लगीन माझ्या दारातच." जरा थांबून ती पुढं म्हणाली, "पोरीची माय ती दोन वर्सांची असताना गेली. ह्या हातांनी वाढवली म्या तिला. हालमधी लावलं तर मला उचलून न्यायचं म्हनत्यात. गठुडं हाय का म्या? मेल्यावर न्या म्हनलं, तवा नाय म्हननार नाय."

कडुबा शिडीवर, एका हातात ब्रश, दुसऱ्यात फोन. ब्रशातून पांढरा रंग ठिबकून निळ्यावर ओघळ आला. त्या वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. जीभ उचललीच नाही. "येतो, मावशी," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला, ओघळ पुसला आणि डिसेंबर पूर्ण केला. काम अर्धं सोडायची सवय नव्हती, मग ते कितीही वाईट असो.

घरी आला तो जेवेना. लीलाबाईनं ताटावरून उठू दिलं नाही, सगळं काढून घेतलं. ऐकून ती कपाळाला हात लावून बसली. "तुमी कोन वो तारीख देनारे?"

"तोंडातून गेलं."

"गेलं ना? मग आता निस्तरा. त्या बाईला एकच नात हाय." एवढं बोलून तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली, आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी कडुबा हापिसात गेला. साहेब नवा होता, तरुण, बोलायला नम्र. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. नालीचं अंदाजपत्रक वेगळं आहे, वर मंजुरीला गेलंय, आलं की लगेच, असं सगळं नीट समजावलं. मग म्हणाला, "पण पेंटरकाका, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? तुमचं काम बोर्डापुरतं."

आणि लीलाबाई ज्याला बाजारातून राग आणून द्यायची गोष्ट करायची, तो माणूस उभा राहिला. आवाज चढवला नाही. "साहेब, तारीख तुमी सांगता, पन अक्षर माझं असतं. पाच वर्सांत पाच तारखा लिहिल्या म्या. लोकं त्या वाचत्यात, साहेब. खऱ्या समजत्यात. म्या बी समजलो."

साहेबानं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. त्याच्याकडं द्यायला दुसरं खरंच काही नव्हतं. कडुबानं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि निघाला.

तिथून तो थेट लिंबगव्हाणला गेला, सोमनाथच्या जीपमधून. सोमनाथला हा कोण ते माहीत नव्हतं. नाली त्यानं पाहिली. ऐकलं होतं त्याच्यापेक्षा खोल होती. पलीकडं उंबऱ्यावर एक म्हातारी बसून गहू निवडत होती. मान वर करून म्हणाली, "कोन हाय?"

"बोर्डवाला हाय मावशी. रस्त्याचा."

"मग पानी तरी प्या." तिनं आतून नातीला हाक दिली. तनुजा तांब्या घेऊन त्या फळीवरून अशी आली जणू अंगणातच चालतेय. सवय लागली होती पोरीला. कडुबानं पाणी पिताना आजूबाजूला पाहिलं. रस्त्याच्या कडेला सिमेंटचे मोठे नळे पडलेले, ह्या नालीतच टाकायला आणलेले. दोन वर्षं पडून त्यांच्यात गवत उगवलं होतं. नळे आहेत, नाली आहे, दोन्हींत दहा पावलांचं अंतर, आणि अडलंय वर कुठंतरी. कडुबाला हसावं की रडावं कळेना.

परत येताना जीपमध्ये तो सोमनाथशेजारी बसला होता. बाकीची माणसं उतरल्यावर म्हणाला, "सोमनाथ, बोर्डावरचा तो कोपऱ्यातला नंबर माझा हाय."

सोमनाथनं गाडी बाजूला घेतली. "म्हंजे तुमी खरंच पेंटर?"

"पैल्याच दिवशी सांगितलं व्हतं."

"म्या तर तुमाला..." सोमनाथ कान चोळायला लागला. "लई बोललो ना म्या?"

"वहीत हाय सगळं. वाचून दावू का?"

"नको, नको." सोमनाथ हसला आणि लाजलाही. मग कडुबानं त्याला सरूबाईचं सांगितलं. ऐकून सोमनाथनं स्टिअरिंगवर थाप मारली. म्हणाला, "त्या राजेंद्रला लावा फोन. जेसीबीवाला. तो बी तुमालाच झापतो ना?"

झापणाऱ्यांत राजेंद्रचा नंबर पहिला होता. कडुबानं घरी येऊन वही उघडली आणि एकेक नंबर लावायला बसला. पाच वर्षं त्याला फोन येत होते, आज पहिल्यांदा तो करत होता. राजेंद्र तर उचलल्या उचलल्या सुरू झाला, "साहेब, आज सूर्य कुठून उगवला?" त्याला आधी शांत करावं लागलं. मग खरं सांगावं लागलं. शेवटी राजेंद्र म्हणाला, "माझ्या जिंदगीत येवढं निमूट कुनी ऐकून घेतलं नाय, पेंटर. मला वाटायचं साहेब लई मुरलेला हाय. सांगा, जेसीबी कधी आनू?"

कोणी लगेच हो म्हणाला, कोणी पेंटर म्हटल्यावर नव्यानं चिडून फोन आपटला. पण लग्नाच्या चार दिवस आधी, सकाळी, सरूबाईच्या दारासमोर जवळजवळ तीस माणसं जमली. त्यातली निम्मी तर नुसती बघायला आली होती, की आपण इतकी वर्षं झापत होतो तो दिसतो तरी कसा. कडुबा लाजून झाडाखाली उभा. एकेक जण येऊन त्याच्याशी हात मिळवत होता.

नळ्यांवर ठेकेदार कंपनीचा वॉचमन होता. त्याला सोमनाथनं आधीच विचारून ठेवलं होतं. तो बिचारा दोन वर्षं गवत उगवलेल्या नळ्यांची राखण करून वैतागला होता. म्हणाला, नालीचे नळे नालीत टाकले तर त्याला चोरी कोण म्हणेल, मीही हात लावतो. राजेंद्रच्या जेसीबीनं दोन नळे अलगद नालीत बसवले, पाणी जायला वाट ठेवून. वरून मुरूम पडला. दुधाचा टँकरवाला धुतलेल्या टँकरमधून पाणी घेऊन आला, मुरूम भिजवला. ट्रॅक्टर मागं-पुढं फिरवून दाबला. दुपारी दोनपर्यंत सरूबाईच्या दारातून रस्त्यापर्यंत बैलगाडी जाईल एवढा रुंद, टणक रपटा तयार झाला. दोन वर्षांचं काम सहा तासांत झालं आणि त्यात कोणाचीच सही लागली नाही.

सरूबाई दिवसभर उंबऱ्यावर बसून होती. इकडं मुरूम कमी पडला, तिकडं दाब नीट, असं सांगत होती. तनुजानं सगळ्यांना चहा दिला. कोणीतरी म्हणालं, आजी, चला आता पलीकडं, आम्ही हात धरतो. तिनं मान हलवली. "पैला पाय नवरदेवाचा पडू द्या. मग माझा." कडुबा ती काही बोलायच्या आत सोमनाथच्या जीपमध्ये जाऊन बसला. एवढ्या सगळ्यांना त्यानं खरं सांगितलं होतं, पण तिला सांगायचं धाडस होत नव्हतं. ज्या साहेबाच्या भरोशावर तिनं नातीचं लग्न धरलं, तो साहेब नाहीच, हे म्हातारीला लग्नाच्या तोंडावर कसं सांगायचं? सोमनाथला आणि बाकीच्यांना त्यानं बजावलं, तिला कोणी बोलू नका, मी माझं बोलतो.

लग्नाच्या दिवशी तो आणि लीलाबाई दुपारी पोचले. लीलाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापासून निघाला, वाजंत्री मोठ्यानं लागली, पोरं नाचत होती. नवरदेव रपट्याजवळ आला तेव्हा कडुबा टाचा उंचावून बघायला लागला, उगाच, कारण त्या रपट्यावरून चार दिवसांत ट्रॅक्टर गेले होते. नवरदेवाचा बूट मुरूमावर पडला, दुसरा पडला, तो पलीकडं मांडवात गेला. लीलाबाईनं नवऱ्याच्या दंडाला हळूच चिमटा काढला. "श्वास घ्या आता."

अक्षता पडल्या. जेवणाची पंगत बसायला लागली तशी कडुबाला घाई झाली. मांडवात माईकवर एक जण पाहुण्यांची नावं घेत होता आणि ह्याला भीती, की हा आपल्याला महामार्गाचे साहेब म्हणून पुकारणार. तो लीलाबाईला घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला, तेवढ्यात समोर पाहिलं तर सरूबाई येत होती. काठी टेकत, एकटी, रपट्यावरून. तनुजा नव्या शालूत मांडवाच्या दाराशी उभी राहून बघत होती, पण आजीनं तिला हातानं मागंच थांबवलं होतं. दीड वर्षानं ती रस्त्यावर आली. आली ती सरळ कडुबासमोर येऊन थांबली. तिच्या काखेत टॉवेल-टोपी आणि नारळ होता.

कडुबाचे डोळे भरून आले. तो वाकला, पाया पडला, आणि खालूनच म्हणाला, "मावशी, एक गुन्हा झालाय माझ्या हातून. म्या साहेब नाय. म्या नुसता पेंटर हाय. तो बोर्ड म्या रंगवला, नंबर माझा राहून गेला. तुमाला तारीख म्या अशीच दिली."

"उठा आधी." सरूबाईनं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला. "मला पैल्या फोनलाच कळलं व्हतं तुमी साहेब नाय ते."

कडुबानं टोपी सावरली. "कसं?"

"दोन रिंगा वाजल्या अन् तुमी उचलला. साहेब उचलतो व्हय?" लीलाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. सरूबाई मात्र हसली नाही. ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती, आणि खूप दिवसांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडं बघत होती. "मग म्या वरचेवर फोन लावू लागले. म्हनलं, सारी दुनिया ह्या मानसाला शिव्या घालती, तरी ह्यो फोन बंद करीत नाय. असल्या मानसाच्या तोंडून तारीख निघाली, तर त्याला ती झोपू देनार नाय."

"पन मावशी, येवढ्या एका शब्दावर तुमी नातीचं लगीन धरलं? साहेबाचा बी नाय, पेंटरचा शब्द."

"साहेबाच्या शब्दावर धरलं असतं," सरूबाई म्हणाली, "तर पोरगी आज बी घरातच बसली असती. चला, पंगत खोळंबली."